ताणावरची बाग

माझा भाऊ भोगीच्या दिवशी सकाळी विहिरीत उतरला. तळाशी पाणी किती आहे ते त्याला बघायचं होतं. तळाशी हवा नव्हती. दुपारी त्याला वर काढलं.

त्याचं नाव दिगंबर. मी त्याला दादा म्हणायचो. चकलांब्याजवळ त्याची मोसंबीची बाग होती. मी शाळा संपताच कोकणात गेलो तो तिकडचाच झालो; चिपळूणला महाविद्यालयात मराठी शिकवतो. दिवसकार्य आटोपून मी परत गेलो, तास घेतले, पेपर तपासले. होळीच्या सुमाराला पुन्हा बीड जिल्ह्यात गेलो आणि तिथे आम्ही चौघं एका भारी हॉटेलात जेवलो. इकडे परत आल्यावर सहकारी विचारतात, तिकडे कसं काय आहे. तोंडी मला नीट सांगता येत नाही. म्हणून लिहितो आहे.

चकलांबा

गेवराईला बसमधून उतरलो तेव्हा विष्णू मोटारसायकल घेऊन उभा होता. विष्णू आणि नासीर हे माझे बीडच्या शाळेतले सोबती. नासीर चौसाळ्याचा, फळांचा व्यापारी. दादाची मोसंबी पहिल्या तोड्यापासून तोच उचलायचा. विष्णू चकलांब्याच्या फळबागायतदार सहकारी संस्थेचा सचिव आहे. गावात त्याला शेक्रेटरी म्हणतात, आणि दुष्काळाच्या वर्षात हा शब्द लोक जरा दात खाऊन उच्चारतात.

आम्ही चकलांब्याकडे निघालो. दोन्ही बाजूंना कापसाच्या वाळक्या पळाट्या उभ्या होत्या. एका ओढ्यात वेडी बाभूळ तेवढी हिरवी होती आणि शेळ्या तिच्याखाली नुसत्या उभ्या होत्या. आमच्याकडे मार्चमध्येही विहिरीच्या कठड्यावर शेवाळ असतं, पाय जपून ठेवावा लागतो. इथे मोटारसायकल थांबली तरी मागून आलेली धूळ पुढे जात राहायची.

घरी वहिनीनं पाणी दिलं. पेला अर्धा भरलेला होता. तिकडे आता सगळ्या घरांत असाच देतात. पाहुण्यानं तेवढं पिऊन पेला खाली ठेवायचा, मग विचारतात, अजून देऊ का. पाहुणा नको म्हणतो. पहिल्या खेपेला, दिवसकार्याच्या गर्दीत, मला हे कळलं नव्हतं. मी खिडकीतून उरलेलं पाणी सवयीनं बाहेर फेकलं होतं आणि अंगणातली माणसं गप्प झाली होती. या वेळी शेवटच्या थेंबापर्यंत प्यालो.

बागेकडे जाण्याआधी एक शब्द सांगितला पाहिजे. मोसंबीला फुलं यावीत म्हणून तिचं पाणी काही आठवडे मुद्दाम तोडतात. त्याला ताण देणं म्हणतात. पानं पिवळी पडतात, बरीचशी गळतात, झाड दुखण्यातून उठल्यासारखं दिसतं. मग पाणी देतात, त्याला ताण सोडणं म्हणतात, आणि झाड फुलांनी भरून जातं. ताण किती दिवस द्यायचा हे जमिनीवर अवलंबून असतं. कमी पडला तर फुलं येत नाहीत, जास्त झाला तर झाड जातं. दादानं दिवाळी झाल्यावर पाणी तोडलं होतं. संक्रांतीला सोडणार होता. भोगीच्या सकाळी चहा पिताना तो वहिनीला म्हणाला होता, आज पाणी बघतो, उद्या ताण सोडू.

चिपळूणला सगळे मला म्हणायचे, सर, ताण घेऊ नका. स्टाफरूममध्ये तो शब्द मी इतक्या वेळा ऐकला की त्यातलं झाड मी विसरून गेलो होतो.

बाग घराच्या मागे उतारावर होती. वहिनी बांधापर्यंत आली आणि तिथेच थांबली. म्हणाली, "ताणावर हाय. आत नका जाऊ भावजी. ताणावरच्या बागंत पाय घालू न्हाई."

मी तिथूनच पाहिलं. झाडांवर पानं होती. माझ्या अडाणी नजरेला ते बरं लक्षण वाटलं.

विष्णूनं संध्याकाळी मला देवळाच्या ओट्यावर नेलं आणि सगळं सांगितलं. ताणावरचं झाड पान टाकतं, कारण त्याला जगायचं असतं. मेलेलं झाड पान धरून ठेवतं. दादाच्या बागेतली पानं वाळून देठाला तशीच लटकलेली होती. संस्थेला एकच टँकर मिळाला होता. गोदावरीच्या बाजूनं पाणी येणार होतं आणि ते सगळ्या बागांना पुरणारं नव्हतं. जिवंत बागांनाच द्यायचं असं संचालकांनी ठरवलं होतं. पुढच्या सोमवारी बैठक होती आणि विष्णूला तिथे नावं सांगायची होती. वहिनीनं संस्थेत येऊन सर्वांसमोर सांगितलं होतं की आमची बाग ताणावर हाय, टँकरची पहिली पाळी आमाला द्या. दिगंबरची बायको म्हणून कुणी काही बोललं नाही.

"आणि ते पाय न घालायचं?" मी विचारलं.

"असं कुठं असतंय व्हय. दादा तर ताणावर रोज झाड-झाड फिरायचा. नखानं साल खरडून बघायचा, आत हिरवं हाय का. तिला बघायचं न्हाई, म्हणून काढलंय तिनं ते." मग तो म्हणाला, "तू सांग तिला. तू सख्खा दीर हायस."

मी सांगतो म्हणालो. रात्री वहिनीनं ज्वारीची भाकरी आणि तुरीच्या घुगऱ्या वाढल्या, समोर बसली, आणि ताण सोडल्यावर पहिलं पाणी हलकं द्यायचं असतं, दुसरं भरपूर, असं मला समजावत राहिली. मी ऐकत राहिलो.

चौसाळा

जेवायला जायचं नासीरनं ठरवलं होतं. तेलगावच्या अलीकडे एका सहकारी साखर कारखान्याचं जुनं विश्रामगृह आहे. ऊस नसल्यानं कारखान्याचा हंगाम यंदा लागला नव्हता, आणि विश्रामगृह त्याआधीपासूनच भाड्यानं दिलेलं होतं. ते इक्बालसाहेब नावाच्या हैदराबादच्या आचाऱ्यानं घेतलं होतं. नासीर त्यांना फळं पुरवायचा, म्हणजे दादाची मोसंबी त्या टेबलावर जात असे. दादाला तिथे एकदा जेवायचं होतं. नासीर दर वर्षी नेतो म्हणायचा आणि दर वर्षी तोडा, बाजार, लग्नसराई असं काहीतरी आड यायचं. आता इक्बालसाहेबांनी निरोप धाडला होता की दिगंबरदादांच्या घरच्या मंडळींनी यावं, पैशाचा विषय काढू नये.

वहिनी येईल असं मला वाटलं नव्हतं. वर्ष व्हायच्या आत विधवा बाई हॉटेलात जेवायला जाते, हे गाव कसं घेईल ते आम्हाला माहीत होतं. ती लगेच हो म्हणाली. तिचं म्हणणं होतं की ते गिऱ्हाईक आहे, पुढच्या बहाराचं बोलून ठेवलं पाहिजे.

आदल्या दिवशी आम्ही नासीरच्या घरी मुक्कामाला गेलो. चौसाळा हमरस्त्यावर आहे. दुकानांसमोर कापडी सावल्या, कलिंगडांचे ढीग, आणि मधूनच जाणारा पाण्याचा टँकर; तो गेला की रस्त्यावर ओल्या थेंबांची रेघ राहायची आणि कुत्री ती चाटत पुढे जायची.

नासीरची आई, अम्मी, अंथरुणाला खिळलेली आहे. तिला वहिनीला पुरसा द्यायचा होता, म्हणजे गेलेल्या माणसाबद्दल बोलून तिचं सांत्वन करायचं होतं. आमच्या कोकणात दुःखाला भेटायला येणारी माणसं आंब्याचा मोहर, पाऊसपाणी असं बोलत बसतात आणि निघताना येतो न म्हणता उठतात. मेलेल्या माणसाचं नाव बहुधा निघतच नाही. अम्मीनं वहिनीचा हात धरून तिला पलंगावर ओढलं आणि सुरुवातीपासून विचारायला लागली. सकाळी कधी उठला. काय खाल्लं. कपडे कोणते होते. वहिनीनं एकेक सांगितलं. भोगीची भाजी चुलीवर होती. निळा सदरा होता. दोर नवा होता. मी सख्खा भाऊ, पण तो दिवस ओळीनं मी पहिल्यांदा तिथे ऐकला.

"जाते वखत क्या बोला?" अम्मीनं विचारलं.

"उद्या ताण सोडू म्हणले."

अम्मीची हयात फळवाल्यांच्या घरात गेली आहे. ती म्हणाली, "फिर छोडे क्या?"

दारात नासीर उभा होता, त्याच्या मागे विष्णू.

"पाणी कुठं हाय, अम्मी," वहिनी म्हणाली.

अम्मीनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि सुनेला चहा टाकायला सांगितलं. बाहेर ओसरीवर नासीरनं मला खूण केली, आता सांग. वहिनी चहाची कपबशी घेऊन आली. मी तिला अम्मीचं वय विचारलं.

सकाळी न्याहारीला खिचडी, खिमा आणि चिंचेचा खट्टा होता. चौसाळ्यापासून हैदराबादेपर्यंत हीच न्याहारी, असं नासीर अभिमानानं सांगतो. आमच्याकडे सकाळी पेज असते. पेज ही आजाऱ्याची आणि निरोग्याची, दोघांचीही. खिचडी-खट्टा निरोग्याचाच. वहिनीनं खिमा घेतला नाही. खट्टा दोनदा मागून घेतला. नासीरच्या बायकोनं वाढताना हात आखडला नाही, उलट वहिनी पुरे पुरे म्हणत असतानाच वाटीत आणखी ओतला. मला ते पाहून बरं वाटलं.

वडवणीचा रस्ता

बीडला परत येऊन आम्ही पूर्वेकडे वळलो. उजव्या हाताला बालाघाटाचे डोंगर होते, भाजलेल्या विटांसारखे. एका माळावर चारा छावणी होती. कडब्याच्या गंजीभोवती गुरं दावणीला बांधलेली आणि त्यांच्याबरोबर आलेली माणसंही तिथेच, गुरांसारखीच सावली धरून बसलेली. पश्चिमेकडे ऊसतोडीला गेलेल्या टोळ्या परत येत होत्या. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार, संसारावर कोंबड्या, कोंबड्यांवर पोरं. हंगाम लवकर संपल्यानं ती लवकर परतत होती. वहिनी प्रत्येक ट्रॉली वळून बघायची. कुणी ओळखीचं दिसलं नाही.

वडवणीच्या अलीकडे टायर बसला. टपरीवरच्या मेकॅनिकनं ट्यूब काढली. पंक्चर शोधायच्या टबात पाणी नव्हतं, स्पॅनर पडलेले होते. त्यानं ट्यूब फुगवून गालाजवळ धरली, कुठे गार लागतं ते पाहिलं आणि तिथे थुंकी लावून बुडबुडा आला तसं बोट ठेवलं. वहिनी गाडीतच बसली होती. टपरीच्या मागे माझ्या दोन मित्रांचं भांडण चाललं होतं, दबक्या आवाजात.

"तू सांग बे," विष्णू म्हणाला.

"मी कावून? शेक्रेटरी तू हायस."

"म्हणून तर. मी सांगितलं की ते संस्थेचं होतंय. उद्या लोक म्हणतेल, इष्णूनं दिगंबरच्या बायकूचं पाणी तोडलं."

"आन मी सांगितलं की यापाऱ्याचं होतंय. भाव पाडायला बाग मेली म्हणतो, म्हणतेल."

"मेलेल्या बागंचा काय भाव पाडतो बे तू."

दोघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, जेवणानंतर सांगतो. नासीर म्हणाला की काल चहानंतर सांगणार होतास, मास्तर.

मला तेव्हा नेमकं काय अडवत होतं ते नंतर पुष्कळदा शोधलं. बाग ताणावर असेल तर दादानं सांगितलेला उद्याचा दिवस अजून यायचा होता. तो मी रद्द करायचा होता. मला वाटतं एवढंच होतं.

तेलगावच्या अलीकडे

कारखान्याची चिमणी लांबून दिसते. फाटकाशी वजनकाटा, त्याच्यापुढे बैलगाड्यांसाठी ठेवलेलं भलंमोठं मैदान. मैदानात एकही गाडी नव्हती. चिपाडाचा एक जुना ढीग काळा पडला होता. त्या सगळ्याला वळसा घालून गेलं की विश्रामगृह. काचेचं दार उघडलं आणि गार हवा अंगावर आली. बाहेरच्या उन्हातून आल्यावर काही वेळ काही दिसेना.

मग पांढरे टेबलक्लॉथ दिसले, उंच पाठीच्या खुर्च्या, प्रत्येकासमोर तीन-तीन चमचे. दुपारी तिथे आम्ही चौघंच होतो. वहिनीनं पदर सारखा केला, खुर्ची मागे ओढली आणि तिच्या कडेला टेकली, उठायला सोपं जावं अशी. आम्हाला वाढणारे गृहस्थ पूर्वी कारखान्यात काट्यावर कारकून होते. आता पांढऱ्या कोटात होते. विष्णू त्यांना ओळखत होता. त्यांनी ओळख दाखवली, पण बोलले अदबीनं, आम्ही कुणी मंत्री असल्यासारखे.

इथे ताट नसतं. एकेक पदार्थ येतो, मोठ्या बशीत थोडासा, तो संपला की बशी जाते आणि दुसरी येते. पहिल्यांदा पांढऱ्या चिमुकल्या पेल्यात काहीतरी काळपट, दाट, वर तुपाचे दोन थेंब. वहिनीनं वास घेतला.

"हे माडगं हाय," ती म्हणाली. हुलग्याच्या पिठाचं माडगं म्हणजे टंचाईतलं जेवण. दुष्काळात घराघरात तेच शिजतं. "माडगं खायाला इतक्या लांब आणलं व्हय नासीरभाई? घरी घागर भरून दिलं असतं."

आम्ही हसलो. दिवसकार्यानंतर ती हसल्याचं मी पहिल्यांदा पाहिलं. माडगं मात्र फार चांगलं होतं. त्यात लसणाबरोबर आणखी काही होतं जे मला ओळखता आलं नाही.

नंतर ज्वारीच्या कागदासारख्या पापुद्र्यांवर अंबाडीची भाजी, प्रत्येकी एक घास. विष्णूनं तो घास तोंडात टाकला, बशीकडे पाहिलं आणि कोटवाल्या गृहस्थांना म्हणाला, "भाऊ, काट्यावर मोजून वाढायलाव का? टनाला किती उतारा हाय?" ते पहिल्यांदाच ओठांत हसले. विष्णूनं आणखी मागितलं नाही, आणि त्यांनी घ्या म्हटलं नाही. त्या जागेची हीच रीत होती. आग्रह नव्हता. आमच्याकडे आणि तिकडेही जेवण म्हणजे आग्रह. नको म्हणायचं आणि तरी ताटात पडायचं. इथे नको म्हणायची वेळच येत नव्हती. वहिनीच्या ते लक्षात आलं असावं. तिनं आपल्या बशीतला अर्धा पापुद्रा मोडून माझ्या बशीत ठेवला.

पाण्याचे पेले काचेचे होते. जरा कमी झाले की ते गृहस्थ येऊन काठोकाठ भरायचे. दुसऱ्यांदा भरायला आले तेव्हा वहिनीनं पेल्यावर हात ठेवला. मग आम्हीही ठेवले.

मग मुख्य पदार्थ आला. हिरवी पानं दोऱ्यानं बांधलेली, कडेनं करपलेली, आत आम्हा तिघांसाठी मटण आणि वहिनीसाठी भरलेलं वांगं. दोरा सोडल्यावर जो वास आला तो लिहून सांगता येणार नाही. लिंबाच्या सालीचा, धुराचा आणि पहिल्या फुलाचा, असं काहीतरी. मोसंबीची पानं होती ती. नासीर मान खाली घालून दोरा सोडत होता. मला तेव्हा काही कळलं नाही.

वहिनीनं वांगं बाजूला केलं. पान उचललं, चुरलं, बोटं नाकाशी नेली. पुन्हा चुरलं.

तेवढ्यात इक्बालसाहेब आले. उंच, दाढी मेंदीनं रंगवलेली, हात धुऊन पुसत आलेले. त्यांनी वहिनीला सलाम केला, दादाबद्दल दोन वाक्यं बोलले. मोठा साफ माल देणारा माणूस होता, म्हणाले. मग विचारलं, आवडलं का.

"ही पानं कुठली?" वहिनीनं विचारलं.

"पैठण की तरफ की, भाभी. नहर का बाग है."

"आमची का न्हाईत आणली?"

नासीर म्हणाला, "भाभी, ते काय झालं –" पण इक्बालसाहेबांना काही ठाऊक नव्हतं. त्यांना तो मालाविषयीचा प्रश्न वाटला आणि त्यांनी मालाविषयीचं उत्तर दिलं.

"लाये थे ना, भाभी. नासीरभाई बोरी भर के लाये थे. मैं बोला, दादा के घर के लोगां आ रहे, उनीच के पत्ते में पकाता. अंगार पे रखे तो खाली धुवाँ. बास कुच नै. मरे सो झाड का पत्ता कागज रैता."

त्यानंतर त्यांनी आमच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. टॉवेल खांद्यावरून काढून हातात धरला. नासीरला काहीतरी विचारावं तसं बघितलं, आणि नासीरनं डोळे मिटून घेतले.

वहिनी म्हणाली, "बरं केलं सांगितलंत."

ती इतक्या सरळ आवाजात बोलली की इक्बालसाहेब आणखीच खजील झाले आणि आत गेले. तिनं वांगं पुन्हा पुढे ओढलं आणि खाल्लं. सावकाश, सगळं. आमचं मटण बशीत तसंच होतं. तिनं ते पाहिलं.

"खावा. टाकू न्हाई," ती म्हणाली. मग पान बशीच्या कडेला ठेवून विष्णूला म्हणाली, "इष्णू, सोमवारी माझं नाव काढ. पाळी बांधापलीकडल्या तुळसाबाईच्या बागंला दे. तिनं पानं टाकलीत. तिची ताणावर हाय."

विष्णूनं मान हलवली. मग तो म्हणाला, "वहिनी, आमीच सांगायला पायजे हुतं."

"तुमी तिघं काय सांगताव. मला काय दिसत नव्हतं व्हय बांधावरनं." ती माझ्याकडे वळली. "त्यांनी उद्या म्हणलं हुतं, भावजी. मी उद्याची वाट बघत हुते. बघायला काय पाणी लागतंय."

शेवटी गोड आलं. मोसंबीच्या फोडी, पांढऱ्या पापुद्र्याशिवाय, बर्फासारख्या गार, वर केशराच्या दोन काड्या. आमच्याकडे दुःखाच्या घरी पहिला गोड घास कुणी भरवायचा याचे नियम आहेत. तिकडेही असतील. आम्ही कुणीच सुरुवात करेना. वहिनीनं चमचा बाजूला ठेवला, बोटांनी एक फोड घेतली आणि चावली. आम्ही तिच्याकडे बघत होतो.

"गोड हाय," ती म्हणाली. "रस कमी हाय. काळ्या रानाची नसंल."

निघताना कोटवाले गृहस्थ दारापर्यंत आले. त्यांना शिकवलेलं होतं तसं म्हणाले, पुन्हा या. विष्णू म्हणाला, येतो. वहिनी येते न म्हणता बाहेर पडली.

पुन्हा चकलांबा

दुसऱ्या दिवशी सकाळी ती विळा घेऊन बागेत गेली. बांधावर थांबली नाही. मीही मागोमाग गेलो. आत पाऊल टाकल्यावर पहिल्यांदा आवाज जाणवला. वाऱ्यावर लटकलेली पानं कागदासारखी वाजत होती. तिनं पहिल्या झाडाची साल विळ्याच्या टोकानं खरडली. आत तपकिरी होतं. दुसऱ्याची खरडली. असं पहिल्या ओळीत केलं. मग मधल्या ओळी सोडून एकदम शेवटच्या ओळीत गेली, जिथे उतार संपतो आणि ओल जास्त टिकते. तिथेही दोन झाडं पाहिली. विळा मला दिला आणि म्हणाली, चला, भाकरी टाकायची राहिलीय.

सोमवारच्या बैठकीला मी गेलो नाही. विष्णूनं सांगितलं की त्यानं नाव वाचलं नाही आणि कुणी विचारलं नाही. तुळसाबाईच्या बागेला पहिला टँकर गेला. दोन दिवसांनी तोडणारे आले. मोसंबीचं लाकूड कठीण असतं, यंत्राच्या करवतीचं पातं तापून थांबवावं लागायचं. तेवढ्या वेळात सगळीकडे फार शांत व्हायचं.

लाकूड कुणाला द्यायचं हा विषय नासीरनं एक दिवस टाळला. मग त्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं, इक्बालसाहेबांचा निरोप आहे. मोसंबीच्या लाकडाचा निखारा मटणाला फार चांगला असतो, ते सगळं घ्यायला तयार आहेत, पण विचारायची त्यांची हिंमत होत नाही. या वेळी मी वहिनीला लगेच सांगितलं, ती शेणी थापत होती तिथेच जाऊन.

तिनं हात थांबवला नाही. "द्या," ती म्हणाली. "होळीला मागायला आलते गावातले. त्यान्ला दिलं न्हाई मी. जेवण तर शिजंल त्याच्यावर."

नासीरच्या गाडीनं तीन खेपा झाल्या. शेवटच्या खेपेबरोबर मी बीडपर्यंत गेलो आणि तिथून माझी बस पकडली. लाकडावर बसायला जागा नव्हती. मी पुढे नासीरच्या शेजारी बसलो होतो, मागून वास येत नव्हता.

त्या वर्षी तिकडे पाऊस उशिरा झाला आणि थोडा झाला. चिपळूणला आम्ही गुडघाभर पाण्यातून महाविद्यालयात गेलो. वहिनी माहेरी गेली नाही. दादाच्या मुलीनं परभणीला, आपल्या सासरी, बोलावलं, तिथेही गेली नाही. तिनं बुंधे उपटून काढले, रान नांगरून घेतलं. आठवड्यातून एकदा मी फोन करतो. ती अम्मीचं, विष्णूच्या संस्थेचं, गुरांचं सांगते. तुळसाबाईच्या बागेला फळ लागलं आहे आणि ते नासीर उचलणार आहे.

बागेच्या जागी आता तूर आहे. ठिबकच्या नळ्या गुंडाळून गोठ्याच्या माळ्यावर ठेवल्या आहेत.